शेव मोजायची नाही

बडोद्यात डाएटिशियन पुष्कळ. अलकापुरीत तर एकेका बिल्डिंगीत दोन-दोन पाट्या सापडतात. पण शाळेच्या कँटीनमागे जाऊन, खरकट्याच्या पिंपात वाकून, पोरांनी काय खाल्लं आणि काय टाकलं ते बघणारी एकच, आमची कौमुदी. घरची म्हणून सांगत नाही, गोरव्याकडच्या ज्या शाळेचं काम ती बघते तिथे जाऊन कुणालाही विचारा. ती स्वयंपाकघरात शिरली की आचारी आधी टोपी सारखी करतात.

आमच्या घरात तिच्याएवढं शिकलेलं कुणी नाही. तिचा थोरला भाऊ, आमचा दादा सुभानराव, दहावी झाला आणि कारखान्यात लेथवर उभा राहिला, तो अजून उभाच आहे. त्याच्या हातचं काम आजवर कुणी परत पाठवलेलं नाही. त्यानंच हिला फतेगंजला कॉलेजात घातलं आणि तिथे हिला निरुपमा मॅडम भेटल्या.

मॅडम जुन्या दरबारी घराण्यातल्या. कडक सुती साडी, आवाज कधी चढायचा नाही. वर्गात सांगायच्या, "तोंडात गेलं ते सगळं मोजायचं. ताटात होतं की बोटाला लागलं होतं, हे पोट विचारत नाही." कौमुदीला हे इतकं पटलं की घरी चहात बुडवलेल्या बिस्किटाचा चुरा कपाच्या तळाशी राहिला तर तोही ती विचारायची. सगळे हसायचे. पण मॅडम म्हणजे तिला देवच होत्या. पुढे त्या बडोद्याच्या आहारतज्ज्ञ मंडळाच्या अध्यक्ष झाल्या, तेव्हा त्यांच्याइतकाच आनंद आमच्या घरात झाला.

गेल्या वर्षी शहरातल्या काही शाळा मंडळाकडे आल्या. पोरं फुगत चाललीत, आईबाप ओरडतात, तर शाळेत दुपारी काय वाढावं याचे नियम करून द्या, आम्ही भिंतीवर लावू म्हणाल्या. मॅडमनी त्या कामाची निमंत्रक कौमुदीला केली. नियमांच्या खाली निमंत्रकाची सही आणि नाव. बडोद्याच्या शाळाशाळांत आमच्या घरचं नाव लागणार होतं!

कौमुदीनं काम केलंही तसंच. तेल किती, मीठ किती, साखर कशात चालेल, कशात नाही. मंडळातल्या बायका थोडं कुरकुरल्या, पण एकेक नियम मान्य झाला. गाडी अडली ती सेव-उसळीवर.

बडोद्याबाहेरच्यांसाठी सांगतो. वाटाण्याची रस्सेदार उसळ, सोबत पाव आणि वर शेवेचा ढीग, ही सेव-उसळ. उसळ चांगलीच आहे की! वाटाणा आहे, कांदा आहे. शाळेनं ठेवावी अशीच. भानगड आहे ती वरच्या ढिगात. कौमुदीनं स्वतःच्या शाळेत बघितलं होतं. पोरं पावाच्या तुकड्यानं वरची शेव ओरबाडून खातात, परत काउंटरवर जाऊन "काका, अजून शेव" म्हणतात, आणि उसळ जाते पिंपात. दुपारी पिंपाचं झाकण उघडलं की हिरवट रस्सा, वर तेलाचा तवंग आणि त्यात फुगून वर आलेले पाव. तो वास घेतलेला माणूस संध्याकाळपर्यंत जेवत नाही. कौमुदीनं नियमात साधी ओळ घातली होती: ताट मोजायचं ते शेवेसकट.

ह्या ओळीला आडवी आली मंडळातलीच नयनाबेन. अलकापुरीत क्लिनिक, काचेचं दार, आत कारंजं. शाळांना जेवण पुरवणाऱ्या दोन मोठ्या केटररांचे मेनू तीच लिहून देते. मंडळातल्या निम्म्या बायका असंच कुणा ना कुणा केटररचं काम करतात. नयनाबेन म्हणाली, "जो बेन, शेव हे काही जेवण नथी. ए तो उपर नाखवानुं. वरून घातलेलं आपण मोजायचं नाही, असं लिहून टाक. बधा पास."

"पास कोण होणार? केटरर की पोरं?" कौमुदीनं विचारलं.

"तू फार कडक. असे नियम केले तर शाळावाले फाडून फेकतील. पहिलं आत तर शिरू दे!"

हे बोलणं अगदीच खोटं होतं असं नाही. एका शाळेचे लोक खरंच कुरकुरत होते. पण कौमुदी घरी येऊन दादाला म्हणाली, "दादा, ज्या शाळेत पोरं नुसती शेव खाताहेत, तिला हे लोक पौष्टिक म्हणून शिक्का देणार. आणि खाली नाव माझं."

"मॅडम आहेत ना तुझ्या?"

"मॅडम आहेत," ती म्हणाली. एवढ्यावर ती निर्धास्त झोपली.

ह्या मंडळाची एक रीत आहे. कुठल्याही पदार्थाचा नियम मताला टाकण्याआधी तो पदार्थ सगळ्यांनी बैठकीत बसून खायचा. रीत मॅडमनीच घातलेली. आपण जे खाणार नाही ते दुसऱ्याला लिहून द्यायचं नाही, असा त्यांचा दंडक. रविवारी सकाळी अलकापुरीच्या हॉलमध्ये केटररकडून उसळीचं पातेलं आलं, पाव आले. शेव नमुन्यात नव्हती, कारण नयनाबेनच्या ओळीप्रमाणे ती जेवणातच धरायची नव्हती. तरी शेवेचा मोठा डबा आलाच, आणि तो वेगळा टेबलावर ठेवला.

वाट्या वाढून झाल्या. आणि एकजात सगळ्या बायका डब्याकडे वळल्या. शिकल्यासवरल्या, पाटीवर डिग्र्या लावणाऱ्या! चमचा होता तरी कुणी मुठीनं घेतली. कुणाच्या लिपस्टिकला शेव चिकटली, कुणी पडलेला चुरा बोटानं टिपून चाटला. पेपर नॅपकिन तेलानं पारदर्शक झाले. काल पेशंटला "बेन, तळेलुं बंद" म्हणून सांगणाऱ्या ह्याच!

कौमुदी उठली. डबा उचलला, झाकण लावलं आणि आपल्या खुर्चीवर येऊन मांडीवर घेऊन बसली.

"आता खा," ती म्हणाली. "दुसरी वाटी घ्या आणि जे पास करायचंय ते खा."

कुणी वाटी उचलेना. प्राची म्हणून एक मुलगी आहे, कौमुदीच्याच हाताखाली शिकलेली. ती हळूच म्हणाली, "दीदी, थोडी तरी घाला ना."

"कशाला? ती जेवणात नाही ना!"

नयनाबेन हसायला लागली. "अरे पागल, सेव विना सेव-उसळ कोण खाय?"

"पोरं पण हेच म्हणतात, नयनाबेन. म्हणून तर म्हणते, मोजा."

नयनाबेनचं हसू अर्धं तोंडातच थांबलं. मागच्या रांगेत कुणीतरी "वात तो साची छे", खरं आहे म्हणून, पुटपुटलं. कौमुदीनं मॅडमकडे बघितलं. तिला वाटलं, झालं, आता मॅडम बोलतील आणि विषय संपेल.

मॅडमनी चष्मा पुसला. मग हात पुढे केला. "कौमुदी, तो डबा इकडे दे."

हिनं दिला. गुरूनं मागितल्यावर नाही म्हणायची शिकवण आमच्या घरात नाही. मॅडमनी झाकण काढलं, चमचाभर शेव घेतली आणि आपल्या वाटीत घातली. मग आणखी एक चमचा. शांतपणे कालवलं आणि खाल्लं. डबा पुढे सरकवला. तो हातोहात सगळ्या टेबलावरून फिरला.

मत तिथेच पडलं होतं. नयनाबेनच्या ओळीसाठी हात नंतर वर गेले, पहिला मॅडमचा.

"मॅडम, तुम्हीच शिकवलंत," कौमुदी म्हणाली. "तोंडात गेलं ते मोजायचं."

"वर्गात शिकवलं, बाळ. इथे शाळांना बरोबर न्यायचंय. माझी मुदत संपतेय, त्याआधी नियम भिंतीवर लागलेले मला बघायचेत. शेव पुढची अध्यक्ष मोजेल."

"पुढची कोण? नयनाबेन?"

एक-दोघी खुदकन हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. "सही कर, निमंत्रक तू आहेस."

कौमुदीसमोर कागद होता आणि मॅडमच्या हनुवटीला शेवेचा एक पिवळा तुकडा चिकटला होता. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर तिनं कधी सुरकुती पडलेली साडी बघितली नव्हती. एरवी ती उठून रुमाल देती.

"माझं नाव काढा," ती म्हणाली.

"नाव निमंत्रकाचं असतं, तुझं-माझं नसतं."

"मग निमंत्रक बदला."

मॅडमनी तिच्याकडे बघितलं, मग कागद सरकवला तो थेट प्राचीपुढे. कौमुदीला वाटलं, पोरगी निदान एक रात्र तरी मागून घेईल. प्राचीनं बोटं पंजाबीला पुसली, पेन घेतलं. "दीदी, राग नका मानू हं," म्हणाली आणि सही केली. बोटं नीट पुसली गेली नव्हती. सहीशेजारी अंगठ्याएवढा तेलाचा डाग उमटला. तो बघून नयनाबेन म्हणाली, "चालशे, झेरॉक्समां नही आवे." आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

मग फोटो काढायला रांग लावली. वाट्या हातात, हसरे चेहरे. कौमुदी जिन्यात उभी राहून सँडलचा पट्टा लावत होती. एवढी माणसं एकदम तोंड पुसून फोटोला उभी राहिलेली तिनं कधी बघितली नव्हती.

बैठक सुटली की मॅडमना स्कूटरवरून घरी सोडायचं काम कौमुदीचं. मॅडम एकेक पायरी उतरत खाली आल्या, पर्स काखेत धरली आणि नेहमीसारखं म्हणाल्या, "चल, काढ गाडी."

कौमुदीनं रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, सोसायटीच्या आतपर्यंत ने, बाईंचा गुडघा दुखतो, हेही सांगितलं. मॅडमचा दंड धरून त्यांना आत बसवलं.

"तू नाही येत?"

"नाही, मॅडम."

"आज कुठे जायचंय तुला?"

"कुठेच नाही. पण आता मी नाही सोडणार तुम्हाला."

रिक्षावाल्यानं हँडल ओढलं आणि गाडी वळून गेली.

घरी दादा कपडे वाळत घालत होता. तिला बघितल्याबरोबर म्हणाला, "झालं का? कधी लागतंय भिंतीवर?"

"लागेल. माझं नाव नाही त्यावर. मी काढून घेतलं."

तिनं सगळं सांगितलं. डबा, चमचा, प्राचीची सही, सगळं. दादाच्या हातात ओला टॉवेल तसाच राहिला.

"कारखान्यात तू सगळ्यांना सांगून ठेवलंयस ना?" कौमुदी म्हणाली. "आता काय सांगशील?"

"सांगायचं काय! ह्या आख्ख्या मंडळात नाव काढून घेणारी एकच निघाली आणि ती आमची, हे सांगीन. छापून घ्यायला काय, रांग लागते." दादानं टॉवेल झटकला, दोरीवर टाकला. "तोंडावर थुंकण्याच्या लायकीचे लोक! आणि मॅडम?"

"त्यांना रिक्षात बसवून दिलं."

मॅडम घरी यायच्या तेव्हा त्यांच्यासाठी तो स्वतः खुर्ची पुसायचा.

"भाडं दिलंस?" त्यानं विचारलं.

"आधीच दिलं."

"मग ठीक," दादा म्हणाला आणि बादलीतला पुढचा कपडा उचलला.