वैशाखातलं इरलं

हिरीला वेड लागलं तेव्हा तिची पोर अंगावर पीत होती. हिरीला आवाज ऐकू येत, त्यांच्याशी ती भांडे, चुलीतली जळती लाकडं अंगणात फेकी. सासरच्यांनी देवऋषी केला, उतारे टाकले. शेवटी सासरा कोंडू तिला लोणावळ्याजवळच्या वाडीत, माहेरी सोडून आला. पोर ठेवून घेतली. "शानी झाली की न्यायला यीन," एवढंच म्हणाला. माणूस वाईट नव्हता, घाबरला होता.

हिरीची आई शकुबाई खमकी. तिने लेकीला आगगाडीत घातलं आणि थेट पुण्याच्या इस्पितळात नेलं. साल त्रेसष्ट. तिथे क्लोरप्रोमाझिनच्या गोळ्या सुरू झाल्या. आधी हिरी नुसती झोपली. मग आवाज लांब गेले, मग थांबले. तोंड कोरडं पडे, चाल ताठ झाली, पण भाकरी नीट थापू लागली आणि पोरीच्या आठवणीने रडू लागली. डॉक्टर म्हणाले, हे रडणं चांगलं आहे. घरी सोडताना त्यांनी बजावलं, गोळी चुकवायची नाही आणि उन्हात जायचं नाही, या औषधावर ऊन लागलं की कातडी भाजते.

मावळातल्या बाईला उन्हात जाऊ नको म्हणायचं, म्हणजे डॉक्टरांची कमालच! वैशाखात भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पालापाचोळा जाळून राब भाजायचा, ढेकळं फोडायची, ती काय सावलीत? हिरीने आपल्या डोक्याने उपाय काढला. भातलावणीच्या पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचं कामट्या-पानांचं इरलं तिने खाली काढलं आणि ते घेऊन रखरखत्या उन्हात कामाला लागली. मला विचाराल तर त्या वैशाखात अख्ख्या वाडीत इतकं शहाणपणाचं काम दुसऱ्या कुणी केलं नाही. वाडी मात्र फिदीफिदी हसली.

सून शहाणी झाल्याचं ऐकून नेमका त्याच दिवसांत कोंडू तिला न्यायला आला. बांधावरून त्याने पाहिलं. आभाळात ढगाचा पत्ता नाही आणि सून इरलं घेऊन वाकलेली. तो आल्या पावली मागे वळला.

हिरीला तो पाठमोरा दिसला. इरलं टाकून उघड्या डोक्याने ती मागे धावली. त्या ताठ पायांनी कितीशी धावणार? खिंड उतरल्यावर त्याला गाठलं तेव्हा तिचं तोंड लालबुंद होऊन सुजलं होतं.

"आबा, मी बरी हाय. गोळीवर ऊन चालत न्हाई, म्हनून इरलं घेतलंतं."

कोंडू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "मग आता उन्हात कशापायी आलीस?"

"तुमी माघारी निघाला म्हनून."

त्याने मुंडासं सोडून तिच्या डोक्यावर टाकलं. "चल. पोर वाट बघती."

पोर वाट बघत नव्हती, अंगणात खेळत होती. मुंडासं बाजूला झालं, फोड आलेलं, डोळे मिटत चाललेलं ते तोंड दिसलं, आणि ती किंचाळून कोंडूच्या पायांमागे लपली. हिरी पुढे झाली नाही, सावली बघून जोत्यावर बसली.

"भिऊ द्या तिला," ती म्हणाली. "तोंड निवळंस्तवर मी हितंच बसते. पर आबा, आयकडं माझ्या गोळ्या ऱ्हायल्यात. तेवढ्या आजच आणा."

कोंडू पाणीही न पिता परत निघाला.