हरेश्वरचा डिअर

हरेश्वर गेल्याचा फोन आला तेव्हा मी रोह्याला घरी पंख्याची पाती पुसायला स्टुलावर चढलो होतो. फोन त्याच्या मुलाचा, दिनेशचा. "काका, बाबा गेले," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणालो आणि फोन खिशात टाकला. बरं! जन्मभराचा मित्र गेल्याचं ऐकून ज्याच्या तोंडून 'बरं' निघतं, त्याने स्मृतिलेख लिहू नयेत हे मला मान्य आहे, पण दुसऱ्या कुणी लिहिला तर त्यात माझ्या चुका यायच्या नाहीत आणि त्या वगळल्या तर हरेश्वर नीट दिसायचा नाही. स्टुलावरून उतरलो, शर्ट चढवला, पेणची एसटी धरली आणि नागोठणं मागे पडल्यावर माझ्या ध्यानात आलं की पंखा पुसायचं फडकं अजून हातातच आहे. मग तेच रुमाल म्हणून वापरलं.

पेणला त्याच्या अंगणात माणसं दाटली होती. अशा वेळी कुणीतरी गेलेल्याची एखादी आठवण काढतो आणि मग ओळच लागते. बँकेतला शिपाई डोळे पुसत म्हणाला, "मला ते डिअर म्हणायचे हो. दुसरं कुणी कधी असं बोललं नाही माझ्याशी." त्यावर एसटीतून निवृत्त झालेला एक कंडक्टर चमकला. "तुम्हालापण?" तेवढ्यात मासळी विकणाऱ्या बाईने तोंडाचा पदर बाजूला केला. "मला पण डिअरच बोलायचे. बोंबील महाग लावले तरी डिअर!" बघता बघता अंगणात पंधराएक डिअर निघाले, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर दुःखाच्या जोडीला थोडीशी फसवणूक झाल्याची छटा होती. सोळावा मी. मी गप्प बसलो, कारण समोर उंबऱ्याशी यमुनावहिनी, त्याची बायको, हे सगळं ऐकत बसल्या होत्या. हरेश्वरने उभ्या गावाला डिअर केलं होतं, फक्त त्यांना सोडून. आणि शेवटी एकदा त्यांना तो शब्द मिळाला त्या दिवशी मी त्यांच्याशी खोटं बोललो होतो.

पण आधी तो शब्द आला कुठून ते सांगतो. हरेश्वरचा गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच, घरामागची लांब पडवी आणि चार माणसं. लग्नाआधी तो दोन वर्षं गल्फला छताच्या प्लास्टरकामावर होता. तिथला स्टोअरकीपर म्हणे प्रत्येकाला, अगदी थापी हरवणाऱ्यालाही, 'माय डिअर' म्हणायचा. लोक गल्फहून सोनं आणायचे, टेपरेकॉर्डर आणायचे. आमचा हरेश्वर एक ब्लँकेट, एक टॉर्च आणि हा एक शब्द घेऊन आला. ब्लँकेटला कसर लागली, टॉर्च पहिल्याच पुरात गेला. शब्द मात्र टिकला.

आमच्या घरचा गणपती त्याच्याकडचा. पहिल्यांदा पाट घेऊन गेलो तेव्हा तो मान वर न करता म्हणाला, "ठेव डिअर तिथं कोपऱ्यात." मी तेव्हा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत टाइम ऑफिसला, म्हणजे कामगारांच्या हजेरीच्या खात्यात, नुकताच लागलो होतो, आणि इंग्रजी हा आपला प्रांत अशी माझी समजूत होती. मी त्याला तिथेच शिकवायला घेतलं. म्हटलं, हा शब्द असा तोंडाने वापरायचा नसतो, तो पत्राच्या डोक्यावर असतो. आमच्या ऑफिसातून रोज जातो. डिअर सर, आपणास कामावरून का काढू नये याचा खुलासा तीन दिवसांत करावा. हरेश्वरने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे मान कापायच्या आधी गोंजारता व्हय रे तुम्ही?" असं तो म्हणाला. त्या दिवसापासून आमची मैत्री.

तो शब्द मला मात्र चिकटला. वर्षानुवर्षं मी त्याच्यावर विचार केला, आणि विचार करण्यासारखं माझ्याकडे दुसरं फारसं नव्हतंही. आपण 'प्रिय' लिहितो, पण बोलतो का? 'प्रिय काका, जेवायला चला' असं कुणी म्हटलं तर काका आधी त्याला ताप आहे का ते बघतील. आपली माया शिवीतून येते. "मेल्या, जेवलास का?" यात जेवढा जीव आहे तेवढा दहा डिअरमध्ये नाही. उलट आता माझी नात फोनवर 'डिअर आजोबा' लिहून पुढे एक नाचणारं अस्वल पाठवते, आणि मी ते अस्वल चार-चारदा बघतो. मग त्या शब्दात काही आहे की नाही? हे मी हरेश्वरला विचारायचो. तो गणपतीच्या कानामागची माती गुळगुळीत करत म्हणायचा, "तू लय खोलात जातोस रे, डिअर."

खरं कारण मला कळलं ते माझ्या शहाणपणामुळे. आसपासची घरं श्रावणाच्या आधी आपापला पाट कारखान्यात आणून देतात, त्याच पाटावर त्यांचा गणपती बसतो. बाकी कारखान्यांत पाटाखाली घरधन्याचं नाव असतं. एका वर्षी मी मदतीला म्हणून गेलो आणि हरेश्वरचे पाट उलटे करून बघितले, तर खाली नावंच नाहीत! आखणीच्या, म्हणजे गणपतीचे डोळे रेखायच्या, बारीक कुंचल्याने भलतंच लिहिलेलं, गाव आणि चेहरा. 'निडी, दाट भुवया.' 'खांब, हसताना एक डोळा मिटतो.' 'नागोठणे, हनुवटीला खळी, रागीट.' टाइम ऑफिसच्या माणसाला हे बघवेना. मी तो मजकूर काचकागदाने घासून काढला आणि खळ लावून प्रत्येक पाटाखाली नंबराची चिठ्ठी चिकटवली, वहीत यादी केली. हरेश्वर जेवून आला, पाट बघितले आणि मटकन खाली बसला. मग हळूच म्हणाला, "मला नावं नाय रे ध्यानात राहत. लहानपणापासून. चेहरा एकदा बघितला की मरेपर्यंत राहतो, तोच आपला धंदा हाय. नाव नाय राहत. म्हणून ते डिअर. कोनाला बोलू नको. गिऱ्हाइकाला वाटतं, आपली वळख हाय."

मी कुणाला बोललो नाही. चिठ्ठ्यांचं म्हणाल तर पावसाळी ओलीने खळ सुटली आणि गणपतीच्या आदल्या दिवशी सगळे नंबर जमिनीवर पडले होते. माणसं दारात उभी. हरेश्वर एकेकाचा चेहरा बघायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "डिअर, तुझा हा." एकही चुकला नाही. चुकला तो माझा, कारण माझा गणपती मी शेजारी पडलेल्या चिठ्ठीवर आणि माझ्या वहीवर भरवसा ठेवून स्वतः उचलला. दुसऱ्या दिवशी घरी बसवायला गेलो तर मुकुट मखराच्या कमानीला अडला की! बायको म्हणाली, "गणपती बदलून आणा, नाहीतर नवरा." बदलायला धावलो, पण उरलेला म्हणून आमचा गणपती तोवर नागोठण्याला, त्या रागीट हनुवटीच्या घरी, बसूनसुद्धा झाला होता. एकदा बसवला की हलवता येत नाही. त्या वर्षी आम्ही मखराची कमान कापली.

यमुनावहिनींनी विषय काढला तो त्यानंतर काही वर्षांनी. हरेश्वर बाजारात गेला होता, त्या मला पोहे देत होत्या. "भावोजी, तुम्हाला इंग्रजी येतं. डिअर म्हणजे काय हो?" मी ऐटीत सांगितलं, प्रिय, लाडका, आणि दुसरा अर्थ महाग. त्यांनी पोह्यांवर खोबरं जरा जोरातच टाकलं. "म्हणजे सगळं पेण लाडकं नि महाग, आणि मीच तेवढी स्वस्तातली! कुत्र्यालासुद्धा डिअर म्हणतात हो. मला काय, यमुना नि यमुना. सासूबाई असताना पडवीतून हाका मारायचे, यमुनाऽ, तेव्हा बायका हसायच्या मला. कुणाचा नवरा असा नावाने ओरडत होता तेव्हा?"

मी हरेश्वरला गाठलं. म्हटलं, अरे गाढवा, एकदा म्हण की तिला. तुझं काय जातंय? तो म्हणाला, "तिला कशाला? तिचं नाव येतं मला." एवढंच. मला वाटलं, माती मळून मळून याच्या डोक्यातही थोडी गेली आहे. वहिनींना खरं कारण सांगायचं तर त्याचं गुपित फुटतं, आणि न सांगावं तर त्या स्वतःला स्वस्तातल्या समजतात. मी माझा नेहमीचा मार्ग पत्करला. विषय बदलला, आणि तो पुढे बरीच वर्षं बदलत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी त्याचं विसरणं वाढलं. आता चेहरेही जायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, हे असंच उतरत जाणार. काम दिनेशने हातात घेतलं, पण हरेश्वर रोज पडवीत आपल्या पाटावर बसायचा, हातात शाडूचा गोळा. त्याला एक खोड लागली होती. मधेच उठून बुडाखालचा पाट उलटा करायचा, झटकायचा, परत बसायचा. "माती चिकटते रे," म्हणायचा. मग हाक यायची, "यमुना, पाणी." माझ्याकडे बघून मात्र नुसता हसायचा, आणि मला एक क्षुद्र प्रश्न पडायचा, तो आजच कबूल करतो. इतक्या वर्षांत याने मला डिअरखेरीज काही म्हटलेलं नाही. याला माझं नाव कधी येत होतं का?

गेल्या उन्हाळ्यातली दुपार. अंगणात एक पाट धुऊन उन्हाला उभा केला होता, त्याला वळसा घालून मी आत गेलो. हरेश्वर खुर्चीवर बसला होता, जरा कावराबावरा. खुर्चीखाली वाकून काहीतरी शोधत होता. वहिनी आतून आल्या. त्याने त्यांच्याकडे बघितलं... पुष्कळ वेळ बघितलं... ओठ हलले, आणि म्हणाला, "चहा ठेव ना, डिअर."

वहिनी जागच्या जागी थांबल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसत होत्या. "ऐकलंत ना, भावोजी?"

मला त्या शब्दाचा अर्थ पेणमध्ये सगळ्यात चांगला माहीत होता. मी म्हणालो, "ऐकलं तर! वहिनी, आता पार्टी पाहिजे." आणि खोटंखोटं मोठ्याने हसलो, इतकं की मला ठसका लागला. हरेश्वरही हसला. त्याला वाटलं असेल, काहीतरी बरं झालं.

त्याला जाऊन महिना झाल्यावर मी पुन्हा पेणला गेलो ते हे सांगायलाच. एसटीत मी भाषणाची तयारी केली होती, तीन वेगवेगळ्या सुरुवाती. पडवीत वहिनी शाडूचे वाळलेले तुकडे गोणीत भरत होत्या. मी तिन्ही सुरुवाती एकदम केल्या. नावं, पाट, डिअर, ती उन्हाळ्यातली दुपार, सगळं एका दमात. म्हटलं, "त्या दिवशी त्याला तुमचं नाव आठवत नव्हतं, वहिनी. मी खोटं हसलो."

त्यांनी गोणीचं तोंड बांधलं. "ते मला ठाऊक होतं की."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. पाट मी धुवायला काढलेला, म्हणून तर घोटाळा झाला." त्यांनी भिंतीशी ठेवलेला हरेश्वरचा पाट उचलला आणि उलटा केला.

खाली आखणीच्या कुंचल्याने, गणपतीचे डोळे रेखावेत इतक्या सावकाश लिहिलेलं होतं: यमुना. पुसट झालं की पुन्हा गिरवलेलं, इतक्यांदा की रंगाचा थर बोटाला लागत होता. बाकीच्या जगाचे त्याने चेहरे लिहिले, नाव लिहिलं ते हे एकच.

"उठून बघायचे नि मग हाक मारायचे," वहिनी म्हणाल्या. "माती झटकतात असं सांगायचे सगळ्यांना. मीपण म्हणायची, झटका. त्या दिवशी पाट ओला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वाळल्याबरोबर परत ठेवला मी. बसले, बघितलं, हाक मारली, यमुना. मला काय बरं वाटलं सांगू..."

"मग त्या दुपारी तुम्ही हसलात कशाला?"

"खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं त्या शब्दाची वाट बघितलेली. कसा का असेना, आला तर आला. आणि तुम्ही इतके घाबरलेले, म्हटलं आपण हसावं, नाहीतर भावोजी रडायचे." मग पाट जरा माझ्याकडे कलता करत म्हणाल्या, "खाली बघा. तुम्ही पण हायत."

यमुनेच्या खाली, कडेला, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. मी चष्मा पुसला. 'रोहे. फार बोलतो. पण येतो.'

नाव नव्हतंच. मी दोनदा वाचलं. खिशातून रुमाल काढला तर निघालं ते पंखा पुसायचं फडकं. का कोण जाणे, मी ते टाकलं नव्हतं.

वहिनींनी पाट सरळ करून त्याच्या जागेवर ठेवला, भिंतीला थोडा तिरका, तो ठेवायचा तसा. आत जाताना विचारलं, "चहा टाकते. बसाल ना?"

मला कितीतरी बोलायचं होतं. त्या शब्दाबद्दल माझी एक नवीन उपपत्तीसुद्धा तयार होत होती. मी पाटाकडे बघितलं, आणि म्हणालो, "बरं."