ताईच्या हातची पूड

चपला-बुटांच्या त्या दुकानात तिचं खरं नाव कुणाला आठवतच नसेल. सगळे तिला 'वरची' म्हणायचे. कारण साधं होतं, ती वर असायची. दुकानभर पसरलेला लाकडी माळा, माळ्यावर छताला टेकतील एवढे खोके, आणि त्या खोक्यांमधून अठरा वर्षं वाकून, सरपटून, गुडघे सोलून फिरणारी ही एकटी.

खोक्यांवर नंबर असायचे, पण ती ते वाचायची नाही. खालून आवाज यायचा, "काळा, लेसवाला, आठ!" की हिचा हात आपोआप त्या खोक्यावर, आणि पुढच्या क्षणी खोका खाली. खाली झेलायला झेल्या. पन्नाशीचा, पोट सुटलेला सेल्समन, पण झेलताना वर बघायचा नाही म्हणजे नाही. गिऱ्हाइकाच्या पायात बूट घालता घालता उजवा हात नुसता बाजूला काढायचा, आणि खोका हातात येऊन बसायचा. लोक बघतच राहायचे.

"अहो, वर बघत का नाही तुम्ही?" कुणीतरी विचारायचंच.

"बघायचं काय त्यात? बायकोवर नाही एवढा भरवसा आहे हिच्यावर."

"सांगू का वहिनींना?" वरून आवाज यायचा.

"सांग की! तिलाही माहितीये!"

असं चाललं होतं. मस्त चाललं होतं. आणि मग एका सकाळी ती अंथरुणात कुशीवर वळली आणि खोली फिरली. म्हणजे अक्षरशः फिरली. कपाट, खिडकी, दारामागचा टॉवेल, सगळं गरागरा. तिने गादी दोन्ही हातांनी घट्ट धरली, जणू गादीच तिला फेकून देणार होती. अर्ध्या मिनिटात थांबलं. ती उठली, तोंड धुतलं, कामाला गेली. पण माळ्यावर सगळ्यात वरच्या रांगेतला खोका काढायला मान वर केली, आणि परत तेच. तिने डोळे मिटले आणि खोक्यांना मिठी मारून बसून राहिली. खालून झेल्या ओरडतोय, "अगं सात नंबर! झोपलीस का?" आणि हिच्या कपाळावर घामाचे थेंब.

मालकांना कळलं तर संपलंच. चक्कर येणाऱ्या बाईला कोण चढवणार वर? आणि खाली येऊन ती करणार काय? गिऱ्हाइकाशी गोड बोलणं तिला सात जन्मात जमलं नसतं. माळा गेला की तिचं सगळं गेलं.

डॉक्टरकडे जायचा विचार तिच्या डोक्यात आलासुद्धा नाही. कारण ताई होती ना!

ताई तिच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली तेव्हा हिची वेणी घालणारी, हिला गृहपाठाला बसवणारी, हिच्या तापात रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणारी ताईच. आता ताईच्या स्वयंपाकघरात फळीवर काचेच्या तीसेक बरण्या, आणि दारात कायम कुणीतरी उभं. कुणाचा खोकला, कुणाचं पित्त, कुणाची झोप. ताई कुणाकडून काही घ्यायची नाही. फक्त लोकांनी "ताईंच्या हाताला गुण आहे" म्हटलं, की तिचा चेहरा असा काही उजळायचा!

"चक्कर ना? पोटातून येते ती," ताई म्हणाली. "पाणी किती पितेस तू दिवसात? त्या माळ्यावर पंखा तरी आहे का?"

"पाणी प्यायलं की खाली उतरावं लागतं सारखं."

"मग उतर! आलं चघळत जा. लिंबू-मध घे सकाळी. झटकन उठायचं नाही, आधी बसायचं, मग उभं राहायचं. आणि ही पूड. आल्याची आहे, आणखी दोन-चार मुळ्या आहेत. सकाळ-संध्याकाळ अर्धा चमचा."

"डॉक्टरला दाखवू का एकदा?"

ताईने बरणीचं झाकण फिरवता फिरवता हात थांबवला. "दाखव की. माझी सख्खी बहीण डॉक्टरच्या दारात, लोकांना बरंच वाटेल बघायला."

"बरं बाई, नाही जात. लगेच फुगतेस काय!"

आणि पूड लागू पडली! दोन दिवसांत चक्कर निम्म्यावर. तिने दुकानात सगळ्यांना सांगितलं. झेल्याच्या बायकोलाही पुडी पाठवली. "नैसर्गिक आहे, काही अपाय नाही," असं सगळ्यांना छातीठोकपणे सांगत सुटली. ताईचं बोलणं जसंच्या तसं.

फक्त झोप यायची. दुपारी तर डोळ्यांवर कुणीतरी ओली चादर टाकल्यासारखी. तोंड कोरडं पडायचं. ताईला सांगितलं तर म्हणाली, "मुरतेय अंगात. चांगलंय." आणि महिना झाला, दोन महिने झाले, तरी मान वर केली की खोली थोडी फिरायचीच. ताई म्हणाली, "मग पाऊण चमचा कर."

तिने केला. का नाही करणार?

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी दुकानात गर्दी होती. झेल्या ओरडला, "तपकिरी, नऊ!" आणि हात बाजूला काढला. खोका तिच्या हातात होता, तिला माहीत होतं, पण हाताला सांगितलेलं हातापर्यंत पोचायलाच वेळ लागला. अर्धा सेकंद, जास्त नाही. पण झेल्याची मूठ तोपर्यंत हवेत मिटली, तो पुढे वाकला, आणि खोका बाकावर बसलेल्या म्हाताऱ्या बाईंच्या चष्म्यावर. काच फुटली. भुवईवर रक्त.

झेल्याने त्या दिवशी पहिल्यांदा वर बघितलं.  

मालक ओरडले नाहीत. तेच वाईट. "उद्यापासून खाली बसा," एवढंच म्हणाले. "मोज्यांच्या काउंटरवर. आणि डॉक्टरची चिठ्ठी आणा, मग बघू."

म्हणून ती डॉक्टरकडे गेली. मालकांना द्यायच्या चिठ्ठीसाठी, बरं का, बरं व्हायला नाही. कानाची डॉक्टर होती, तरुण, बारीक, चुणचुणीत.

"कान कशाला बघताय? मला चक्कर येते," ही म्हणाली.

"म्हणूनच बघतेय." डॉक्टरने तिला टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवली आणि सांगून-सवरून झटकन आडवं पाडलं. खोली गरागरा फिरली. हिने डॉक्टरची कॉलर पकडली.

"डोळे उघडे ठेवा! हां. सापडलं." डॉक्टर चक्क खूश झाली. "कानात आत खडूच्या भुग्यासारखे बारीक कण असतात. तुमचे जागेवरून घसरलेत आणि भलत्याच नळीत शिरलेत. मान वर केली की ते घरंगळतात, आणि मेंदूला वाटतं आपण फिरतोय. चला, परत पाठवू त्यांना."

मग तिने हिचं डोकं एकीकडून दुसरीकडे, मग कुशीवर, मग नाक जमिनीकडे, मग उठवून बसवलं. प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून. झालं. पाच मिनिटं. परत आडवं करून बघितलं, तर खोली जागच्या जागी. छत छतासारखं. हिला रडूच फुटलं.

"सगळ्यांचीच चक्कर अशी सुटत नाही," डॉक्टर म्हणाली. "बोलताना जीभ जड झाली, एकाचे दोन दिसले, हात-पाय लुळे वाटले, तर ती वेगळी गोष्ट, लगेच पळायचं. तुमचं सोपं होतं. आत्तापर्यंत काय घेत होतात?"

"आलं. आणि ताईची पूड. नैसर्गिक आहे."

"आल्याने मळमळ कमी होते, घ्या खुशाल. पाणी, सावकाश उठणं, तेही चांगलं. पण कण काही त्याने जागेवर जात नाहीत. पुडीने झोप येते का?" हिने मान डोलावली. "तोंड कोरडं?" परत मान. डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "आल्याने असं होत नाही हो. ती बंद करा. आणि काय आहे तिच्यात ते विचारा."

परत यायच्या वाटेवर ताईच्या गल्लीतलं औषधाचं दुकान. डॉक्टरने उलटीची एक गोळी लिहून दिली होती, वेळ पडलीच तर म्हणून. दुकानदाराने कागद बघितला, हिच्याकडे बघितलं.

"तुम्ही त्या ताईंच्या बहीण ना? चेहरा अगदी तसाच. मग चक्करच्या गोळ्या बंद केल्या वाटतं डॉक्टरांनी?"

"कुठल्या गोळ्या?"

"त्याच की, ताई नेतात त्या. त्यांच्या स्वतःच्या जुन्या चिठ्ठीवर न्यायच्या, मी म्हटलं इतक्या कशाला, तर म्हणाल्या आता बहिणीला लागतात, उंचावर काम करते ती." तो हसला. "किती काळजी करतात हो तुमची!"

ती नंतर सांगायची की त्या दुकानासमोर ती किती वेळ उभी होती ते तिला आठवत नाही. स्वतःची जुनी चिठ्ठी! म्हणजे ताई डॉक्टरकडे जाऊन आली होती. ताईलाही चक्कर यायची. ताईला माहीत होतं.

ताई ओट्यापाशी होती. समोर खलबत्ता. बाहेरच्या खोलीत खुर्चीवर शाळेच्या व्हॅनचा ड्रायव्हर बसलेला, किल्ली बोटात फिरवत.

"आलीस? बस, यांचं देते आधी."

"कुटतेस कशाला ताई? तशाच दे ना गोळ्या."

खलबत्त्यातला हात थांबला. ताईने आधी दाराकडे बघितलं. बहिणीकडे नाही, दाराकडे.

"हळू बोल."

"दोन महिने! दोन महिने मी लोकांना सांगत फिरले, माझ्या ताईच्या हाताला गुण आहे!"

"तुला बरं वाटलं की नाही?"

"मी झोपेत काम करत होते! एका बाईचा डोळा जाता जाता वाचला. माझ्या जागेवर मालकांनी दुसरी चढवली काल. पाच मिनिटांचं काम होतं, ताई. पाच! तू स्वतः डॉक्टरकडे गेलीस आणि मला जाऊ दिलं नाहीस."

ताईचा चेहरा एकदम म्हातारा झाला. "नुसत्या आल्याने कुणाला काही होईना गं. लोक यायचे बंद झाले होते. तुला नाही कळायचं, तुला सगळे हाका मारतात दिवसभर. मला कोण मारतं?" मग खालच्या आवाजात, "तुझं वाईट करेन का मी? लहानाची मोठी केलीय तुला."

तेच तर. परक्या कुणी केलं असतं तर हिने चार शिव्या घातल्या असत्या आणि घरी जाऊन जेवली असती. हिची वेणी ज्या हातांनी घातली, त्याच हातांनी ताई आता भरभर पुडी बांधत होती. "कुणाला बोलू नकोस. तुला माझी शपथ."

बाहेरून ड्रायव्हरचा आवाज आला, "ताई, झालं का? पोरं सुटायची वेळ झाली."

ताईने पुडी उचलली. हिने ती तिच्या हातातून काढून घेतली आणि बाहेर गेली.

"दादा, तुम्हाला चक्कर येते?"

"हो ना, आठवडा झाला. ताईंचं खूप ऐकलंय."

"यात झोप आणणाऱ्या गोळ्या आहेत. हे खाऊन गाडी चालवायची नाही. चक्कर येतेय तोवरही नाही, आज दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. आणि कानाच्या डॉक्टरकडे जा, मी पत्ता लिहून देते."

तो हिच्याकडे बघत राहिला, मग हिच्या मागे दारात उभ्या ताईकडे. ताई "नाही" म्हणेल म्हणून थांबला. ताईने मान खाली घातली. त्याने पत्त्याचा कागद घेतला, फोन कानाला लावला आणि कुणालातरी व्हॅन घ्यायला बोलावत बाहेर पडला. फाटक त्याने लावलंही नाही.

"सख्खी बहीण तू," ताई म्हणाली.  "सख्खी बहीण असून तू मला असं उघडं पाडलंस."

हिला म्हणायचं होतं, हेच मी तुला म्हणायला आले होते.  दोघी तशाच उभ्या, एकीच्या डोळ्यात पाणी, दुसरीच्याही. आणि इतकी वर्षं जी कुणी आधी रडायची तिला दुसरी जवळ घ्यायची, पण आज दोघींपैकी कुणीच पुढे आली नाही.