एका बंडीचे दोन चोरखिसे

तुमच्या घरातलं माणूस रोज काय काय गिळतं, हे तुम्हाला खरंच ठाऊक आहे का? घाईने हो म्हणू नका. मी एकदा असाच घाईने बोललो होतो, आणि तेही आमच्या सानगडीच्या टेलरकाकाजींबद्दल. त्यांच्याइतका सावध माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांवर झाला नसेल. एकाच गोष्टीवर भरवसा ठेवणारा माणूस बुडतो असं त्यांचं मत होतं आणि त्या मतावर ते अक्षरशः जगत होते. पायजम्याला नाडी असायची आणि नाडीवर चामड्याचा पट्टा. पावसाळ्यात हातात छत्री, आणि छत्रीखाली डोक्यावर घोंगडीची खोळ. गुरुवारी दर्ग्यात उदबत्ती, शनिवारी मारुतीला तेल. साकोलीला जायचं तर एसटीच्या टपावर स्वतःची सायकल चढवायचे. कंडक्टर वैतागून म्हणायचा, "काकाजी, एसटी हाय तं सायकल कायले?"

"गाडी पंचर झाली तं?"

"अन् दोन्हीही पंचर झाल्या तं?"

"म्हणून तं चप्पल घालून आलो."

त्यांच्या शिवणकामाचंही तेच. फ्रॉक असो की गादीची खोळ, शिवण दुहेरीच. त्यांनी शिवलेला सदरा बापाच्या अंगावर विटायचा, मग मोठ्या मुलाच्या, मग धाकट्याच्या, आणि शेवटी पोतेरं झाला तरी शिवणीत उसवायचा नाही. कोणाचं पोट सुटलं आणि शर्ट सैल करायला आणला, तर काकाजी शर्टाऐवजी पोटाकडे पाहायचे आणि म्हणायचे, "हे कमी कर, ते सोपं पडेल." मी नागपुरात कॉलेजला लागलो तेव्हा बेलबॉटमची हवा होती. मी टेरिकॉटचं कापड नेऊन दिलं. काकाजींनी पँट शिवली झकास, पण आतून नाडी घातली. कॉलेजच्या पहिल्या दिवशी नाडीचं टोक सदऱ्याखालून लोंबत होतं. मी भांडायला गेलो तर शांतपणे म्हणाले, "अन् पट्टा तुटला तं भर वर्गात काय करशील, बाबू?" मी नाडी आत खोचली आणि निघालो.

पण पंचक्रोशीत त्यांचं खरं नाव होतं ते चोरखिशांसाठी. बाजाराला जाणारा प्रत्येक जण बंडीला आतून चोरखिसा मागायचा. काकाजी न मागता दोन लावायचे, शेजारी शेजारी, मधे फक्त एक शिवण. कोणी विचारलं तर डोळे मिचकावत सांगायचे, "एक चोरापासून लपवाले, अन् एक बायकोपासून." मग आतल्या खोलीतून काकूंचा आवाज यायचा, "यायच्या बंडीतले दोन्ही मलेच धुवा लागते, तं लपते कोनापासून?"

आणीबाणी उठली, त्यानंतरचा दुसरा पावसाळा. रोवणे, म्हणजे भाताची लावणी, आटोपून धान हिरवं झालं होतं आणि दिवाळीची कापडं दुकानात यायला लागली होती. अशा ऐन हंगामात त्यांचं मशीन बंद पडलं. मशीन चांगलं होतं, काकाजी बंद पडले होते. घरात मरण नाही, भांडण नाही, काही कारण नाही. मशीनच्या पेडलवर पाय ठेवून ते तासन् तास बसायचे आणि पाय हलायचा नाही. लोक म्हणाले आळस आला, म्हणाले वारा लागला. मी विचारलं तेव्हा ते हातातल्या कैचीकडे पाहत म्हणाले, "बाबू, मन भिजल्या कापडावानी झालं हाय. कैची चालतच नाही." तरी मी ते फारसं मनावर घेतलं नाही. मग एके दिवशी शेजारच्या पोरीचा फ्रॉक शिवून गेला, त्याची बाही मी सहज उलटून पाहिली. शिवण एकेरी होती. तेव्हा मी घाबरलो.

त्यांना मी नागपूरला मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. हा आजार आहे, ताप येतो तसाच, असं डॉक्टरांनी नीट समजावलं, उदासीवरच्या गोळ्या लिहून दिल्या, गुण यायला काही आठवडे लागतील म्हणाले. परतीच्या एसटीत काकाजींनी माझा हात धरला. "गावात कोनाले सांगजो नोको. पागलाच्या हातात कैची कोन देईल?" मला हे पटलं नव्हतं. आजार लपवू नये असं मी भिंतीवर लिहायला तयार असलेला माणूस. पण ते हात सोडेनात, मी शब्द दिला. गोळ्या त्यांच्या बंडीच्या डाव्या चोरखिशात गेल्या.

दिवाळी सरता सरता मशीनचा आवाज परत आला. आधी तुटक, मग सलग. शिवण दुहेरी झाली. एसटीच्या टपावर सायकल चढली. फक्त रात्रीची झोप पुरती येत नव्हती, आणि एकट्या गोळीवर भरवसा ठेवायचा हे त्यांच्या रक्तात नव्हतं. काकू त्यांना जंगलाकडच्या एका गावातल्या म्हाताऱ्या वैद्याकडे घेऊन गेल्या. म्हातारा भला होता. एका नारळापलीकडे काही घेत नसे. त्याने एक मुळी वाटून दिली आणि आमच्या भागात सगळेच वैद्य सांगतात ते सांगितलं : औषधाबद्दल तोंड उघडायचं नाही, बोललं की गुण जातो. झोपेसाठी आलो एवढंच काकाजी तिथे म्हणाले. गोळ्यांचं नाव काढलं नाही, कारण वैद्याच्या गावातलं बोलणं बाजारात पोचतं, आणि बाजारात कळलं की हातातली कैची गेली. मुळी उजव्या चोरखिशात गेली.

हे मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत होण्याची सोयच मी ठेवली नव्हती. त्याच हिवाळ्यात मी एक पत्रक काढलं होतं, जडीबुटी देणाऱ्या ठगांना गावाबाहेर काढा म्हणून. स्वतः सायक्लोस्टाइल करून सानगडीच्या बाजारात वाटलं. जडीबुटी घेणाऱ्यांना त्यात मी मेंढरं म्हटलं होतं. काकाजींनी ते चष्मा लावून वाचलं, मग चष्म्यावर भिंग धरून परत वाचलं. "झणझणीत लिहिलं, बाबू," म्हणाले. "दोन देजो." मी खूश होऊन दोन दिली.

होळीच्या सुमाराला ते पुन्हा बुडू लागले. या वेळी पहिल्यापेक्षा खोल. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, मशीनची कड धरून उभे राहायचे. मी त्यांना परत नागपूरला नेलं. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. "गोळ्या नियमित घेता?"

"घेतो जी. एकही चुकली नाही."

"ती जडीबुटी वगैरे काही घेत नाही ना?"

हा प्रश्न असा विचारला होता की त्याला 'नाही' एवढंच उत्तर बसावं. काकाजींनी माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी रोज आठवतो. काही बोलायला त्यांनी ओठ उघडले होते. त्यांच्या आधी मीच हसून म्हणालो, "काकाजी तसल्यांतले नाहीत, साहेब." त्यांनी ओठ मिटले. गोळ्या कमी पडत असतील असं समजून डॉक्टरांनी त्या वाढवल्या.

त्यानंतर पंधरा दिवसही गेले नाहीत. दुपारची वेळ, कोणीतरी शिवलेली बंडी न्यायला आलं होतं. ती द्यायला काकाजी चटकन उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि कोसळताना डोकं मशीनच्या लोखंडी पायावर आदळलं. जीपमधून भंडाऱ्याला नेईपर्यंत श्वास होता. तिथे थोडाच वेळ राहिला.

कोणती औषधं चालू होती, असं तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं. मी त्यांची बंडी उलटी केली. डाव्या खिशात गोळ्या होत्या. उजव्या खिशात एक पुडी होती, आणि ती माझ्या पत्रकात बांधलेली होती. डॉक्टरने आतलं उरलेलं मूळ बोटांत फिरवून पाहिलं. "सर्पगंधा असावी," तो म्हणाला. "रक्तदाब खाली आणते. आणि उदास माणसाला आणखी उदास करते. त्यात या गोळ्या, त्यांनीही उठताना चक्कर येते." त्याने पुडी मिटली. मग म्हणाला, "कोणी सांगितलं नव्हतं का?"

दहाव्यानंतर मी वैद्याकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. म्हाताऱ्याने सगळं ऐकलं आणि खाली बसला. "गोळ्या घेऊन राहिले होते? मले तं कोनी सांगतलं नाही, बापा. सांगतलं असतं तं मी मुळीले हात लावला नसता." पाठ केलेलं सगळं तिथेच वाळून गेलं. काकू तर मला एवढंच म्हणाल्या, "बोललं का गुण जाते म्हणलं होतं. मी कायले बोलू, बाबू? मले तं गुण पाहिजे होता." ज्यांना ज्यांना काकाजींनी बरं व्हावं असं वाटत होतं, ते सगळे आपापल्या जागी गप्प बसले होते. मी तेवढा बोललो, तेही त्यांच्या वाटचं.

बेलबॉटम आता कोणी घालत नाही. माझी पँट ट्रंकेत पडून आहे. गुडघ्यावर विरली आहे, पण शिवण कुठेच उसवलेली नाही आणि नाडी अजून पक्की आहे. त्यानंतर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. कोणालाही मेंढरू म्हटलं नाही.

आता एक काम करा. घरात कोणी मनाच्या आजारावरच्या गोळ्या घेत असेल, तर आज त्याच्याजवळ जाऊन बसा. 'दुसरं काही घेत नाही ना?' असं विचारू नका. 'आणखी काय काय घेता?' असं विचारा, आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा. मुळी निघेल, चूर्ण निघेल, काढा निघेल. हसू नका, रागावू नका, आणि आपल्या मनाने काही बंदही करू नका. ती पुडी उचला आणि डॉक्टरपुढे ठेवा. गोळ्यांची चिठ्ठी उचला आणि वैद्यापुढे ठेवा. काकाजींच्या रीतीने, दोन्हीकडे सांगा.