चिंधीचं वजन

माणूस हात धुवायला मोरीशी वाकला, की त्याच्या पाठीकडे बघून मावशी सांगायची हा आज किती चपात्या खाणार. सहा म्हणाली की सहाच. सातवी वाढायला गेलं तर तो ताटावर हात आडवा धरायचा. एकदा एका दांडग्या कामगारासाठी तिनं दोनच लाटल्या. तो चिडला, मला आठ लागतात म्हणाला. ही म्हणाली, "पहले दो खा, फिर बोल." दोन खाऊन तो गुमान उठला आणि दुसऱ्या दिवशी तापानं अंथरुणाला लागला.

ही मावशी म्हणजे माझी बायको. भिवंडीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत आमची खानावळ होती. म्हणजे ती चालवायची. मी पीठ आणायचो, भांडी उचलायचो आणि शिव्या खायचो. त्याआधी तीस वर्षं लूमवर काढली, कान तिथंच गेले, त्यामुळे शिव्या अर्ध्याच ऐकू यायच्या. चाळीस माणसं तिला मावशी म्हणायची, म्हणून मीही म्हणायला लागलो. नावानं हाक मारली तर वळून बघायची नाही. मी तिला मावशी म्हटलं, की नवा आलेला माणूस घास हातात धरून आमच्याकडे बघत राहायचा.

खानावळीत तिचा कायदा एकच होता. ताटात टाकायचं नाही. नको असेल तर आधी सांगा, कमी वाढते. पण वाढलेलं उरलं तर ते तिला तोंडावर फेकून मारल्यासारखं वाटायचं. बारा तासांची शिफ्ट करून आलेला गडीसुद्धा शेवटचं शीत बोटानं टिपून मगच उठायचा. मी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कारल्याची भाजी टाकली होती. पुढचे चार दिवस मला कारलंच मिळालं. पाचव्या दिवशी मी मागून घेतलं.

आमच्याकडे शुक्रवारी लूम बंद असतात. गल्लीत माणसाला माणसाचं बोलणं ऐकू येतं तो तेवढा एक दिवस. अशाच एका शुक्रवारी चिंध्यांच्या गोणीतून मावशीला कुईकुई ऐकू आली. मला कसली ऐकू येतेय. तिनं हात घातला आणि ओंजळभर कुत्रीचं पिल्लू बाहेर काढलं. आई कुठं दिसेना. पिल्लाचं नाव चिंधी पडलं. मी म्हणालो, खानावळीत कुत्रं नको. मावशी म्हणाली, "तुमाला ठेवलं ना? मग ही बी राहील."

पण चिंधी खाईना. दूध-चपाती दिली, वरचं दूध चाटून चपाती ठेवली. भात दिला, हुंगून गेली. सुकटीचं पाणी घातलं, तांदळाची भाकरी कुस्करून दिली, ती अर्ध्यात सोडली. ज्या बाईच्या पुढ्यात चाळीस माणसं ताट पुसून खातात, तिच्या दारात एक पिल्लू रोज ताटलीत टाकतंय. मावशीला झोप लागेना. जमिनीवर मांडी घालून बसायची, बोटावर घास घ्यायची आणि समजूत घालायची, "खा गं बाय, मीठ न्हाय त्यात." पिल्लू हात चाटायचं, घास राहायचा.

शेजारी जॉबर चाचा राहतात. जॉबर म्हणजे बिघडलेला लूम नीट करणारा. दर शुक्रवारी नमाज झाली की चहाला आमच्याकडे. लूम बंद पडला तर चाचा आधी लूमला हात लावत नाहीत, त्यावर निघालेलं कापड बघतात. कापड सांगतं काय बिघडलंय ते, असं त्यांचं म्हणणं. ते म्हणाले, पिल्लू खातंय की नाही यावर भांडत बसण्यापेक्षा दर शुक्रवारी वजन करा. आमच्याकडे पिठाच्या गोणी मोजायचा काटा होताच, लाल आकडेवाला. पण चिंधी काट्यावर ठरेना, उडी मारून पळायची. मी म्हणालो, गोणीत घालून ठेव. मावशी म्हणाली, "गोणीत घालायला ती काय तांदूळ हाय?" मग चाचांनी युक्ती सांगितली. मावशीनं एकटीनं उभं राहायचं, मग चिंधीला घेऊन उभं राहायचं, वजाबाकी करायची. मावशी एकटी अठ्ठावन्न. चिंधीला घेऊन साठ. पिल्लू दोन किलो.

पुढच्या शुक्रवारी दोघी साठ. त्याच्या पुढच्या शुक्रवारी साठ. एकदा शंभर ग्रॅम वाढले, तर त्या दिवशी सगळ्या कामगारांना शिरा मिळाला. नंतर परत साठ. चाचा म्हणाले, भाभी, एकट्या पण उभ्या राहा. तर ही म्हणायची, "माझं काय मोजायचं, मी काय वाढतेय का आता?" आणि पीठ मळायला जायची.

मला दिसत होतं की चिंधी मोठी झालीय. पायरी चढता येत नव्हती ती चढायला लागली. मी तसं बोललोही. मावशी म्हणाली, "लांब झाली, भरली न्हाय. काट्यावर दिसतंय ना." शिकलेल्या माणसानं काट्याला उलटा प्रश्न केला असता. मी चौथीत शाळा सोडलेला. लाल आकडे बघून मान डोलावली.

सहा आठवडे असे गेल्यावर मावशीनं चिंधीला पदरात घेतलं आणि आम्ही रिक्षानं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मावशीनं सांगून टाकलं की पोर उपाशी मरतेय. बाईंनी चिंधीला त्यांच्या काट्यावर चुचकारून बसवलं. सहा किलो. पोटावर टिचकी मारून म्हणाल्या, हिला काही झालेलं नाही, उलट जरा कमी घाला. मावशीला भयंकर राग आला. रिक्षात बसल्यावर म्हणाली, डॉक्टरीण चांगली हाय, पन तिचा काटा बिघडलाय.

घरी चाचा वाट बघत होते. त्यांनी न उघडलेली पन्नास किलोची गोणी आमच्या काट्यावर चढवली. पन्नास. मग मावशीला म्हणाले, उभ्या राहा. ती नको म्हणाली. मी दंडाला धरून उभी केली. धरताना माझी बोटं एकमेकांना लागली, आधी कधी लागत नव्हती.

चोपन्न.

लूम बंद होते, त्यामुळे चाचांचं बोलणं मलाही स्वच्छ ऐकू आलं. "काटा बराबर है, भाभी. कुत्ती नहीं, आप कम खा रही हैं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दोन महिने तिला घास गिळताना त्रास होत होता. ती सगळ्यांच्या मागून जेवायची, मी तोवर आडवा झालेला असायचो. ताटात टाकायचं नाही हा कायदा तिचाच. मग उरलेली भाकरी, मासळीची तुकडी, सगळं चिंधीच्या तोंडात, आणि ते तिनं चिंधीच्या खाण्यात धरलंच नव्हतं. दोन ताटं खाऊन बसलेलं पिल्लू स्वतःच्या ताटलीतलं कशाला खाईल? आणि मी? पीठ मळताना ती बांगड्या पार कोपरापर्यंत सरकवायची ते मी रोज बघत होतो. मला वाटायचं पीठ लागू नये म्हणून सरकवते. पिल्लाच्या ताटलीत काय उरलं ते दिवसातून चार वेळा बघितलं. बायकोच्या ताटात बघितलं नाही. बैलाला अक्कल असते, मला तेवढीही नव्हती.

अन्ननलिकेत गाठ निघाली. मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर आम्ही हात लावला नसता. लावला, आणि आम्हाला दोन दिवाळ्या मिळाल्या. तिथल्या वॉर्डात पडल्या पडल्या ती ताटं वाटणाऱ्या मावशीबाईला सांगायची, कोपऱ्यातल्या म्हातारीला चपाती देऊ नको, भात दे, ती खाईल. म्हातारी खायची. घरी आल्यावर चिंधी अंगावर उड्या मारायला लागली तर तिला म्हणाली, "माझं चार किलो तुझ्याकडं हायेत. नीट सांभाळ."

शेवटच्या दिवसांत तिला पाणीही जड जायचं. तरी माझं ताट तिच्या खाटेशी आणायला लावायची आणि मी खाताना बघत राहायची. एकदा मला घास उतरेना. ती म्हणाली, "माझ्यासाठी उपाशी राहू नका, माझं पोट न्हाय भरत त्यानं. शुक्रवारी काट्यावर उभं राहायचं. आधी एकटं, मंग तिला घेऊन." मी हो म्हणालो. ती गेल्यावर काट्यावर कापड टाकून ठेवलं.

खानावळ आता बंद आहे. मी माझ्यापुरतं शिजवतो आणि बरं शिजवतो, तिनं नावं ठेवली असती पण खाल्लं असतं. पहिले दोन महिने मात्र घास खाली जायचा नाही. टाकायचं तर नाही. खाली चिंधी बसलेलीच असायची.

एका शुक्रवारी चाचा चहाला आले. माझ्याकडे बघितलंच नाही. चिंधीला उलटी पालटी केली, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "भाईसाब, ये मोटी हो गई है." मग उठले, काट्यावरचं कापड काढलं आणि बोटानं मला दाखवलं. मी उभा राहिलो. आकडा सांगत नाही, लाज वाटते. चाचा घरी गेले आणि डबा घेऊन आले. मी शेवटचं शीत टिपेपर्यंत समोरून हलले नाहीत. चिंधी दोघांच्या मध्ये बसून तोंडं बघत होती, तिला त्या दिवशी काही मिळालं नाही.

आता चाचा मला जेवलात का म्हणून विचारत नाहीत. दर शुक्रवारी येतात, चिंधीच्या बरगड्या चाचपतात. बोटाला बरगड्या लागल्या की ठीक है म्हणतात आणि चहा मागतात.