गव्हातली ढेकळं

परातीतलं ढेकूळ ती आधी नाकाशी न्यायची, मग जिभेवर ठेवायची आणि डोळे मिटून निकाल द्यायची, "काळ्या रानातलं हाये."

दर उन्हाळ्यात वर्षाचा गहू निवडायला ती आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायची. इतर बाया ढेकळं वेचून वाटीत टाकत. हिची वाटी रिकामीच. मी तेव्हा दोन पदव्यांची, स्वतःला फार शहाणी समजणारी. वाटलं, गहू चोरते. "तोंड उघड," म्हटलं. उघडलं. आत चिखल.

"काहून खाते वं?"

"वास आला की मले राहवत नाही न, बाई. पोरगी पोटात होती तवापासून लागलं."

आता तुम्हीच सांगा, शहाण्या बाईनं काय करायला हवं होतं? मी तिला इतवारीच्या बाजारात गहू घ्यायला घेऊन गेले! दुकानदार नावाजलेला सिवनीचा गहू म्हणून शपथा घेत होता. हिनं पोत्यात हात घातला, एक ढेकूळ चोखलं. "खोटं बोलून राहिला, बाई. माती तिकडची नाही." दुकानदारानं पोतं बदललं, मी ताठ. कॉलनीभर तिची कीर्ती सांगत सुटले. शेजारणीही तिला सोबत नेऊ लागल्या.

तिची नखं पांढरी पडली होती. जिन्यात ती प्रत्येक मजल्यावर टेकायची. दिसत होतं सगळं. "ऊन लागलं असेल, कांदा ठेव जवळ," एवढीच माझी वैद्यकी.

एकदा निवडता निवडता ती परातीवरच कलंडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिची पापणी खाली ओढली. पांढरीफटक. "माती, खडू असलं काही खाते का?"

"छे हो!" मीच म्हणाले. ढेकळं आमच्या घरची ना!

तिनं माझ्याकडे पाहिलं. "खोटं कायले बोलता, बाई? जीव माहा चालला."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अंगातलं लोह कमी झालं की काहींना अशी ओढ लागते. मातीतून पोटात जंत जातात, मग रक्त आणखी कमी होतं. जंताचं औषध दिलं, लोहाच्या गोळ्या दिल्या.

गोळ्या तिनं नेमानं घेतल्या. काही महिन्यांनी म्हणाली, "आता माती मातीच लागते, बाई." त्या वर्षी दुकानदारानं मला खुशाल फसवलं. पुढे ती लेकीकडे राहायला गेली.

इतक्या वर्षांनी परवा सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनात दिसली. मी जिन्यात कठडा धरून उभी. ती दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, कुठेही न टेकता, वर गेली. हाक मारण्यापुरता दम मला येईस्तोवर गाडी तिला घेऊन निघाली होती.