खेळातली काडीमोड

उकंडरावांची जीभ पंचक्रोशीत नावाजलेली होती. हिंगोलीकडल्या पुसेगावजवळच्या त्यांच्या वाडीत कुणाला हसायची लहर आली की तो माणूस मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या दारावरून जायचा. उकंडराव बाहेर घोंगडीवर बसलेले असायचे, चांगुणाबाई आत भाकरी थापत असायच्या. बाहेरून एक टोला जायचा, आतून एक यायचा, आणि ऐकणारा पोट धरून घरी जायचा. पुढं पुढं आतून येणारं उत्तर कमी होत गेलं. शेवटी शेवटी तर नुसता भाकरी थापल्याचा आवाज यायचा. पण हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. हसणाऱ्या माणसाला एवढं बारीक कुठलं ऐकू येतंय.

माणूस तसा वाईट नव्हता. दारूला शिवला नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे दिवस होते तेव्हा बोचकं स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा आणि बायकोला मोकळी चालवायचा. फक्त दुःख समोर आलं की त्याच्या तोंडातून विनोद सुटायचा. याला खोड म्हणा नाहीतर रोग म्हणा, पण तो होता आणि शेवटपर्यंत गेला नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी त्यांचं पहिलं पोरगं तापानं गेलं. भेटायला आलेली माणसं दारात माना खाली घालून बसली होती आणि कुणी काही बोलत नव्हतं. ती शांतता उकंडरावांना सोसेना. ते म्हणाले, "बरं झालं बापा गेलं ते. नाक मायवर गेलं होतं, पुढं पोरगी कुणी दिली असती त्याला?" माणसं आधी दचकली आणि मग हसू दाबायला धोतराचा सोगा तोंडाशी धरून बसली. उकंडराव तिथून उठले आणि मेंढरांच्या कुडामागं जाऊन पोट भरून रडले. ते रडणं कुणी पाहिलं नाही. नाकाचं बोलणं मात्र आत बसलेल्या चांगुणाबाईंनी शब्दन् शब्द ऐकलं.

पुढं लेक झाली, सीमा. ती मोठी झाली, वसमतकडं दिली. लेकीला सासरी वाटेला लावताना चांगुणाबाईंचा बांध फुटला, तेव्हाही उकंडराव मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, जावयाला भेव घालून राहिली का? त्याला वाटंल, म्हातारपणी ही बी अशीच दिसणार." वऱ्हाड खदखदून हसलं. चांगुणाबाईंनी डोळे पुसले आणि त्यानंतर चारचौघांत त्या कधी रडल्या नाहीत. उकंडरावांना वाटलं, बायको आता आपल्यासारखी घट्ट झाली.

हिंगोली जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. तिथं लग्नाचं शूटिंग करणारा शिवहार नावाचा पोरगा होता, उकंडरावांचा लांबचा भाचा. त्या काळात बाजारात खेडवळ विनोदी सिनेमाच्या सीड्या धडाक्यात खपायच्या. शिवहारला वाटलं, आपल्या भागाची एक काढावी. नवरा-बायको कडाकडा भांडतात, पंच बसतात, काडीमोड होते, मग नवऱ्याचे डोळे उघडतात आणि तो बायकोला बँड लावून परत आणतो, अशी गोष्ट त्यानं जुळवली आणि सरळ उकंडरावांच्या दारात येऊन बसला.

"मामा, पाठबिठ काही करायचं न्हाई," तो म्हणाला. "तुमी घरात जसं बोलता तसंच बोलायचं. लोकं मरतील हसून."

उकंडराव तर आधीच घोड्यावर बसले होते. तुझ्या मामीला तेवढं विचार, असं काही त्यांना सुचलं नाही, शिवहारलाही नाही. दोघांनी मिळून चांगुणाबाईंना सांगितलं की उद्यापासून नवं लुगडं नेसायचं. त्यांनी नेसलं.

काडीमोडीचा प्रसंग खंडोबाच्या देवळापुढं घ्यायचं ठरलं. पंच म्हणून शिवहारनं हिंगोलीहून नाटकवाले आणायचा विचार केला होता, पण गाडीभाडं वाचावं म्हणून त्यानं वाडीतलेच शेषराव बसवले. हे शेषराव खरेखुरे पंच. वयानं मोठे, उकंडरावांच्या भावकीतले. समाजातल्या तुटलेल्या आणि जुळलेल्या सोयरिकी त्यांनी आजवर त्याच देवळाच्या ओट्यावर निकालात काढल्या होत्या. शिवहारनं पुडीतून पिवळा रंग आणला होता, भंडारा म्हणून. शेषरावांनी तो हुंगला आणि बाजूला सारला. "देवाच्या दारात मी रंग लावीत नसतो," ते म्हणाले आणि घरून भंडारा मागवला. त्यांना पंचाचं काम एकाच रीतीनं येत होतं. खोटं खोटं कसं करतात, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

शेषरावांनी देवाचं नाव घेऊन दोघांच्या कपाळाला भंडारा लावला. गवताची एक वाळकी काडी घेऊन तिचं एक टोक उकंडरावांच्या हातात दिलं, दुसरं चांगुणाबाईंच्या. आधी नवऱ्याला विचारलं. उकंडराव म्हणाले, "मोडा मोडा, लवकर मोडा, मेंढरं तहानली." सगळी वाडी भोवती जमली होती, ती हसली. मग शेषराव चांगुणाबाईंकडं वळले. "बाई, देवासमोर इचारून राहिलो. या माणसापाशी नांदायचं का न्हाई? तुझ्या तोंडानं सांग."

चांगुणाबाई गप्प राहिल्या. शिवहारनं कॅमेऱ्याआडून बोलण्याची खूण केली, तरी गप्प. तेव्हा उकंडरावांनी सवयीनं प्रसंग सांभाळून घेतला. "दादा, तिला काहून इचारता? बाजारात मेंढरू इकताना मेंढराला कुणी इचारतं का?"

हशा पिकला. शिवहारचा कॅमेरासुद्धा हसण्यानं हलला. त्या हशातच चांगुणाबाई म्हणाल्या, "न्हाई नांदायचं," आणि काडी मोडली.

शूटिंग संपल्यावर त्या घरी गेल्या. मेंढरांना पाणी दाखवलं, भाकरी थापून दुरडीत झाकून ठेवल्या आणि लुगड्याची जुनी जोडी बोचक्यात बांधून फाट्यावरून वसमतकडची एसटी धरली. तिकडं त्यांच्या भावाचं गाव होतं. उकंडराव घरी आले तर चूल विझलेली. ते शेजाऱ्याला म्हणाले, "बाई आता नटी झाली, आता रुसायला तिला मोठं घर लागंल." शेजारी हसला. दुसऱ्या दिवशी बँड लावून बायकोला परत आणायचा प्रसंग होता. बँडवाले आले, दुपारपर्यंत झाडाखाली बसले आणि वाजवल्याशिवाय परत गेले.

आठवडे गेले. दुरडी रिकामी राहू लागली. उकंडराव स्वतः पीठ मळायचे, भाकरी तव्यावर तुटायची आणि तिच्यावर काही बोलावं तर ऐकायला आत कुणी नसायचं. माणसं अजूनही दारावरून यायची, पण उकंडरावांना बोलणं सुचेना. विनोद आपण लोकांसाठी करत होतो असं त्यांना आजवर वाटत होतं. तो सगळा आत बसलेल्या बाईला ऐकवण्यासाठी होता, हे आता कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता.

शेवटी ते शेषरावांकडं गेले.

"दादा, तो खेळ होता. तुमी तिच्या भावाला सांगा, तिला लावून दे म्हणावं."

शेषरावांनी पानाची शीर खुडली. "उकंडा, भंडारा खरा होता. देव खरा, पंच खरा. तुमी दोघं बी आपल्या तोंडानं बोललात. मशीन समोर होती म्हणून देव काय आंधळा झाला?"

"मग तवाच काहून थांबवलं न्हाई तुमी?"

"मला बी वाटलं, खेळच हाय," शेषराव म्हणाले आणि त्यांचा आवाज पडला. "ती काडी मोडेपर्यंत मला बी तसंच वाटलं. म्हातारपणी माझ्या हातून चूक झाली. पण झालेली मोड झालीच न्हाई, असं मी म्हणू शकत न्हाई. आता एकच होईल. तिच्याशी पाट लाव. नव्यानं. ती व्हय म्हणाली तर मी सोता येतो."

स्वतःच्याच बायकोशी पाट लावायला निघालेला माणूस वाडीनं पहिल्यांदाच पाहिला. विधवेचा नाहीतर सोडलेल्या बाईचा दुसरा संसार मांडायची ती रीत. लोकांनी तोंडात पदर कोंबून हसून घेतलं. उकंडरावांनी दाढी केली, लुगडं घेतलं, बांगड्या घेतल्या आणि एसटीत बसले. वाटभर त्यांनी काय बोलायचं ते ठरवलं. विनोद करायचा नाही, एवढं एकच त्यांनी मनाशी घोकलं होतं.

भावाच्या अंगणात चांगुणाबाई हळदीचे शिजवलेले गड्डे उन्हात पसरत होत्या. हात पिवळेधमक झाले होते. त्यांनी पाणी दिलं, चहा केला, मेंढरांचं विचारलं. पायानं लंगडणारी म्हातारी मेंढी बरी आहे का, हेही विचारलं. उकंडरावांना हुरूप आला. त्यांनी लुगडं पुढं सरकवलं.

"शेषरावदादा म्हणतात, पाट लावू. तुझी मर्जी असंल तर."

"माझी मर्जी?" त्या म्हणाल्या आणि खाली बसल्या. "लगन लागलं तवा मला कुणी इचारलं न्हाई. मेंढरं घेऊन कोणत्या रानात जायचं, न्हाई इचारलं. पोरगं गेलं तवा रडू का नको, ते बी तुमीच ठरवलं. त्या दिवशी दादांनी इचारलं, ते खेळात. पण इचारलं तर खरं. जलमात पहिल्यांदा मला कुणी देवासमोर इचारलं."

"मी बी आता इचारूनच राहिलो की."

"व्हय. म्हणून तुमाला बी सांगते." त्यांच्या आवाजात राग नव्हता, हेच उकंडरावांना झेपेना. "न्हाई. तुमी वाईट न्हाई. पण लई वर्षं माझं हसू झालं. आता मला गप बसू द्या."

उकंडरावांच्या ओठावर एक वाक्य आलं होतं. चांगलं होतं, अंगणातली पोरंसुद्धा हसली असती. ते त्यांनी गिळलं. लुगडं तिथंच ठेवून ते उठले. फाट्यापर्यंत सोडायला चांगुणाबाई आल्या आणि एसटी येईपर्यंत दोघं एकमेकांशी न बोलता उभे राहिले. इतकं शांत ते दोघं उभ्या जन्मात कधी उभे राहिले नव्हते.

शिवहारनं शेवटचा प्रसंग मिळाला नाही म्हणून काडीमोडीवरच सिनेमा संपवला. आणि नेमकं त्यामुळंच तो चालला. लोक म्हणायचे, काय शेवट केलाय बेट्यानं. सीडी हिंगोलीच्या बाजारात, वसमतला, तांड्यातांड्यांवर फिरली. उकंडरावांनी ती पाहिली नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात ते बकरं विकायला हिंगोलीला गेले आणि चहाला म्हणून धान्याच्या मोंढ्याजवळच्या एका हॉटेलात शिरले, तर समोर टीव्हीवर ते स्वतःच बसलेले.

"अरे, हे तर मामा हायेत," कुणीतरी ओळखलं. लगेच बाकावर जागा झाली, चहा फुकट आला, आणि मालकानं त्यांच्या मानापोटी काडीमोड पहिल्यापासून लावली.

उकंडरावांनी पाहिलं. शेषराव विचारत होते, "तुझ्या तोंडानं सांग." कॅमेरा चांगुणाबाईंच्या तोंडावर होता. त्या दिवशी उकंडरावांची नजर लोकांवर होती, कोण किती हसतंय त्यावर. म्हणून हे तोंड त्यांनी पाहिलंच नव्हतं. चांगुणाबाई शेषरावांकडं बघत नव्हत्या, देवळाकडं नाही, कॅमेऱ्याकडंही नाही. त्या नवऱ्याकडं बघत होत्या. काडीचं टोक हलक्या हातानं धरलं होतं. त्या थांबल्या होत्या. त्यानं काहीतरी म्हणावं, नको म्हणावं, नुसतं नाव घेतलं तरी चाललं असतं, म्हणून थांबल्या होत्या. शिवहारनं खूण केली तरी थांबल्या. मग बाजूनं आवाज आला, मेंढराला कुणी इचारतं का, आणि चांगुणाबाईंचे डोळे खाली गेले.

हॉटेल हसून लोळलं.

"परत लाव," उकंडराव म्हणाले.

मालकानं आनंदानं परत लावली. चांगुणाबाई पुन्हा बघत होत्या, पुन्हा थांबल्या होत्या. कपाळावर भंडारा, नवं लुगडं, आणि ते वाट बघणारे डोळे. उकंडराव बाकावरून पुढं सरकले. त्यांचा हात कुणाला तरी अडवावं तसा उचलला गेला.

"गप," ते टीव्हीतल्या माणसाला म्हणाले. "गप बस की रे, उकंड्या. ती थांबलीया."

पण तो काही गप बसला नाही. त्याचं वाक्य त्यानं म्हटलंच, आणि काडी मोडली. हॉटेलातली माणसं तर आता डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. त्यांना वाटलं, मामांनी आत्ताच्या आत्ता नवा विनोद काढला.